किल्ली कुणाकडे आहे?

कुठल्याही लेबर रूममध्ये गेले की माझी नजर आधी अँबू बॅग शोधते. जन्मलेलं बाळ रडलं नाही, श्वास घेईना, तर त्याच्या नाकातोंडावर मास्क धरून जी पिशवी दाबत हवा द्यायची, ती ही बॅग. ती टेबलाशेजारी आहे का? की कपाटात आहे? कपाटाला कुलूप आहे का, आणि असेल तर किल्ली कुणाकडे असते? ही सवय मला केनियात लागली. लागायला दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात मी तक्त्यांमागून तक्ते भरले, पण हा प्रश्न त्यांत कुठेच नव्हता.

मी मूळची नर्सिंग ट्यूटर. महाराष्ट्रातल्या एका नर्सिंग कॉलेजात बारा वर्षं एएनएम आणि जीएनएमच्या मुलींना मिडवाइफरी शिकवली. पुढे सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम केला आणि मूल्यमापनाच्या कामात आले. 2015 साली पश्चिम केनियात तीन वर्षांचं काम मिळालं. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यांतल्या नर्सेससाठी एक संस्था मोबाइलवरचा अभ्यासक्रम चालवत होती. अडलेलं बाळंतपण, बाळंतिणीचा रक्तस्राव, झटके, न रडणारं बाळ असे त्याचे भाग होते. प्रत्येक भागात छोटे व्हिडिओ, चित्रं आणि शेवटी प्रश्न. या शिकवण्याचा उपयोग होतो का, हे पाहणं माझं काम. मुक्काम किसुमू शहरात.

केनियाला अशा शिक्षणाची ओळख आधीपासून होती. 1957 साली ‘फ्लाइंग डॉक्टर्स’ म्हणून सुरू झालेल्या अ‍ॅम्रेफ या संस्थेने तिथल्या नर्सिंग कौन्सिलला सोबत घेऊन 2005 मध्येच ई-लर्निंग सुरू केलं होतं. साधारण आपल्या एएनएमसारख्या असलेल्या हजारो ‘एनरोल्ड’ नर्सेसना नोकरी न सोडता ‘रजिस्टर्ड’ दर्जापर्यंत न्यायचं होतं. सगळ्यांना उचलून वर्गात बसवलं असतं तर दवाखाने ओस पडले असते. मी पोचले तोवर संगणकाची जागा मोबाइलने घेतली होती. एम-पेसा 2007 मध्ये आल्यापासून मोबाइलवरून पैसे पाठवणं बाजारातल्या मासळीवालीलाही अंगवळणी पडलेलं होतं. तेव्हा नर्सेसना मोबाइलवर शिकवायचं, यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

गरज तर डोळ्यांसमोर होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अहवालात जगाला 59 लाख नर्सेस कमी पडत होत्या असं म्हटलं आहे, आणि त्यातली 89 टक्के तूट गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत होती. हा आकडा मी नंतर वाचला. त्याचा अर्थ मात्र आधीच कळला होता, एका रात्रपाळीत. लेबर रूम, बाळंतिणींचा वॉर्ड आणि दारात मोटारसायकलवरून नुकती उतरलेली पोटुशी बाई, या सगळ्यांना मिळून नर्स एकच.

पहिल्या सहा महिन्यांत सगळं छान दिसत होतं. किती जणींनी कुठला भाग पुरा केला, कितीदा पाहिला, किती गुण मिळाले, हे पडद्यावर रोज दिसायचं आणि आलेख रोज वर सरकायचा. मूल्यमापनाच्या धंद्यात डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाच्या चार पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात. 1959 पासून त्या चालत आल्या आहेत. शिकणाऱ्याला शिकवणं आवडलं का, त्यातून तो काही शिकला का, कामात ते वापरतो का, आणि त्याने शेवटी काही फरक पडला का. मलाही त्या पाठ होत्या. तरी पहिलं वर्ष मी पहिल्या दोन पायऱ्यांवरच काढलं, कारण तिथली माहिती आयती हाताशी येत होती.

माझी पहिली चूक प्रश्न विचारण्यातली. मी गावोगावी जाऊन नर्सेसना विचारायची, “अभ्यासक्रम कसा वाटला?” उत्तर ठरलेलं, “न्झुरी साना.” म्हणजे खूप छान. लांबून आलेल्या पाहुणीला, जिच्यामागे पैसे देणारी संस्था उभी आहे तिला, दुसरं काय सांगणार? आपल्याकडे तपासणीला साहेब आले की रजिस्टरं कशी चकाचक होतात, हे मी बारा वर्षं पाहिलं होतं. तेच इथे माझ्यासाठी होत होतं. तिथे मीच साहेब होते आणि मला ते दिसत नव्हतं.

मग एके दिवशी आकड्यांत एक विचित्र गोष्ट दिसली. एका आरोग्य केंद्रातल्या चार नर्सेसची खाती एकाच फोनवरून चालत होती आणि चौघींचे गुण जवळजवळ सारखे होते. मनात पहिला शब्द आला ‘कॉपी’. जाऊन जाब विचारायचं ठरवलं. मार्चनंतरच्या मोठ्या पावसाचे दिवस होते. किसुमूजवळच्या कानो मैदानात आपल्या मराठवाड्यासारखी कापसाची काळी माती आहे, आणि पावसात ती तशीच पायाला धरते. ‘बोडा बोडा’ म्हणतात त्या भाड्याच्या मोटारसायकलवरून, मधे दोनदा उतरून ढकलत, तिथे पोचले.

पाळी बदलायची वेळ होती. चौघी आंब्याच्या झाडाखालच्या बाकावर बसल्या होत्या. मधली मोठ्याने वाचत होती, बाकीच्या तिच्याशी वाद घालत होत्या. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन वार पडायच्या आधी की नंतर, यावरून दोघींत चांगलीच जुंपली होती. चौघींपैकी तिघींकडे साधे बटणांचे फोन. एकीकडे स्मार्टफोन होता आणि नेटचे पैसे ती स्वतःच्या पगारातून भरत होती. मी जरा कडक आवाजातच विचारलं, “परीक्षा एकेकटीने द्यायची असते ना?” सगळ्यांत मोठी होती ती म्हणाली, “सिस्टर, बाळंतपण अडलं की आम्ही एकमेकींना हाका मारतो. मग परीक्षेलाच एकेकटीने का बसायचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याला मी फसवणूक समजून आले होते, ते त्या जिल्ह्यात मी पाहिलेलं सर्वांत चांगलं शिकणं होतं. आमच्या पद्धतीत त्याला जागाच नव्हती. एक खातं, एक फोन, एक माणूस असं आम्ही दूर कुठल्या तरी कार्यालयात बसून गृहीत धरलं होतं. पुढे गटाने शिकायची सोय झाली, आणि व्हिडिओ एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतील असंही केलं गेलं. या दोन्ही सूचना माझ्या नावावर नोंदल्या आहेत. खरं तर त्या आंब्याच्या झाडाखालच्या आहेत.

दुसरा धक्का बाहुलीने दिला. गुणांवर माझा विश्वास उरला नव्हता, म्हणून मी प्रत्यक्ष हात पाहायचं ठरवलं. 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी एक परीक्षा मांडली. टेबलामागून टेबल, प्रत्येक टेबलावर एक काम, आणि करून दाखवायचं. तीच आम्ही नर्सेससाठी बसवली. बाळाची बाहुली अशी होती की पाणी भरलं की हाताला खऱ्या बाळाचं वजन लागतं, आणि बॅगने हवा नीट गेली तरच छाती वर येते.

अभ्यासक्रमात पैकीच्या पैकी गुण मिळवलेली एक तरुण नर्स आली. पायऱ्या तिला तोंडपाठ होत्या. कोरडं करा, पाठीवर चोळा, श्वास नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग सुरू करा. हे सगळं ती स्पष्ट म्हणाली. पण बाळाचं डोकं तिने इतकं मागे नेलं की मानेत हवेची वाट बंद झाली. ती बॅग दाबत राहिली, छाती हलेना. तिच्या कपाळावर घाम आला. तिच्यानंतर निवृत्तीला आलेल्या एक बाई आल्या. लेखी परीक्षेत त्या जेमतेम पास झालेल्या. त्यांनी बाहुलीच्या खांद्याखाली दुमडलेलं फडकं सरकवलं, हनुवटी बोटांनी किंचित उचलली, डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने मास्क धरला, आणि पहिल्याच दाबाला छाती वर आली. तोंडाने एक शब्द नाही. सारं लक्ष बाहुलीच्या छातीवर.

मी त्या दोघींना एकमेकींसमोर बसवलं. अर्ध्या तासात तरुण मुलीचा हात बसला. त्या अर्ध्या तासात फोन बाजूला उलटा पडला होता. व्हिडिओने तिला क्रम दिला होता, तो मोलाचाच होता. मास्क गालाशी कुठे सुटतो, हे मात्र शेजारी उभ्या असलेल्या बाईने सांगावं लागलं.

तरीही मला वाटत होतं की आता आपण योग्य वाटेवर आहोत. गुण पाहिले, हातही पाहिले. आता प्रत्यक्ष बाळंतपणं पाहायची म्हणून मी एका उपजिल्हा रुग्णालयात काही रात्री बसले. हातात मीच तयार केलेला नोंदीचा फॉर्म. दुपारीच साहित्याची यादी भरून ठेवली होती. ‘अँबू बॅग उपलब्ध आहे का?’ इन्चार्ज सिस्टरनी कपाट उघडून दाखवली. दोन मास्क, स्वच्छ, पिशवीत गुंडाळलेले. मी ‘होय’वर खूण केली.

रात्री अडीचच्या सुमाराला वीज गेली. विजेला तिथे ‘स्टिमा’ म्हणतात. ड्यूटीवरच्या नर्सने फोनचा टॉर्च लावून तो टेबलाच्या कडेला टेकवला. बाळ आलं ते निळं, ढिलं पडलेलं. रडलं नाही. नर्सने कोरडं केलं, पाठ चोळली, नाळ कापली. सगळं क्रमाने, न घाबरता. मग ती कपाटाकडे वळली आणि थबकली. कुलूप होतं. किल्ली इन्चार्जकडे, आणि इन्चार्ज आवाराच्या दुसऱ्या टोकाला क्वार्टरमध्ये झोपलेल्या.

मी निरीक्षक होते. निरीक्षकाने हात घालायचा नाही, हा नियमही मीच लिहिलेला. फॉर्म खाली टाकला. बाळंतिणीची सासू किल्लीसाठी धावत गेली. नर्सने गॉझ ठेवून तोंडाने श्वास द्यायला सुरुवात केली आणि मी नाळेच्या बुडाशी बोटं ठेवून ठोके मोजत राहिले. किल्ली आली तेव्हा बरीच मिनिटं होऊन गेली होती. बॅग लावल्यावर बाळाने आचके दिले, मग कण्हल्यासारखा बारीक आवाज केला. पहाटे त्याला मोठ्या रुग्णालयात हलवलं. दुसऱ्या दिवशी ते गेलं.

नर्स आईजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “पोले साना, मामा.” स्वाहिलीत ‘पोले’ हा शब्द थकलेल्याला, ठेचाळलेल्याला, दुःखात बुडालेल्याला, सगळ्यांनाच म्हणतात. तुझं दुःख मला दिसतंय, एवढाच त्याचा अर्थ. मी मागे उभी होते, आणि मला तेवढंही म्हणता आलं नाही.

सकाळी फॉर्म उचलला. एक रकाना होता, ‘पहिल्या मिनिटात बॅगने हवा देणं सुरू केलं का?’ खरं उत्तर ‘नाही’. म्हणजे माझ्या कागदावर ती नर्स नापास. जिने सगळं बरोबर केलं होतं, अभ्यासक्रम पुरा केला होता, बाहुलीवर छाती वर आणून दाखवली होती, ती नापास. आणि त्याच कागदाच्या वरच्या भागात माझ्याच अक्षरात, बॅग उपलब्ध, होय.

कुलूप का, हे मी नंतर विचारलं. मागच्या वर्षी एक बॅग हरवली होती आणि तिची किंमत पगारातून कापली गेली होती. त्या दिवसापासून इन्चार्ज सिस्टर किल्ली उशाखाली घेऊन झोपायच्या. त्यांना मी दोष देऊ शकले नाही. हरवलेल्या बॅगेचा हिशेब मागणारे होते. कुलपात सुरक्षित राहिलेल्या बॅगेचा हिशेब कुणी मागत नव्हतं. मीसुद्धा मागितला नव्हता.

त्या रात्रीनंतर माझं काम बदललं. शेजारच्या टांझानियात, हायडोमच्या रुग्णालयात झालेल्या एका अभ्यासाची मला पुन्हा आठवण झाली. तिथे नर्सेसना नवजात बाळाला श्वास देण्याचं एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं. बाहुलीवर त्यांचं काम सुधारलं. लेबर रूममध्ये मात्र फरक दिसला नाही. 2013 मध्ये ते छापून आलं. मग त्याच रुग्णालयाने वॉर्डातच, कामाच्या जागी, थोडा थोडा पण वारंवार सराव सुरू केला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्या 24 तासांतले बाळांचे मृत्यू हजारी 11.1 वरून 7.2 वर आले. मी हे दोन्ही लेख आधी वाचले होते, टिपणंही काढली होती. वाचलेलं माझ्याही हातात उतरलं नव्हतं.

मी प्रश्नच बदलले. ‘अभ्यासक्रम कसा वाटला’ काढून टाकला. त्याऐवजी विचारू लागले, “शेवटचं न रडलेलं बाळ कोणतं, त्या वेळी काय काय झालं, सांगा.” आणि गप्प बसायची. मग बाया बोलायच्या. मास्कचं माप मोठं होतं, त्याच वेळी दुसऱ्या टेबलावर रक्तस्राव चालू होता, फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत होता. कुणी रडायची. या गोष्टींतून मला जे कळलं, ते आधीच्या तक्त्यांतून कळलं नव्हतं. साहित्याच्या यादीत ‘उपलब्ध आहे का’ हा प्रश्नही काढला. आता मी म्हणायची, “आत्ता रात्रीचे अडीच वाजलेत आणि तुम्ही एकट्या आहात असं समजा. बॅग आणा.” आणि घड्याळ लावायची.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा खरी परीक्षा झाली. पहिल्या वर्षीचा अहवाल मी गोड लिहिला होता. त्यात खोटं काही नव्हतं, पण अवघड गोष्टी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात गेल्या होत्या. त्याची मला आजही लाज वाटते. या वेळी कुलपाची गोष्ट पहिल्या पानावर लिहिली. बैठकीत पैसे देणाऱ्यांच्या प्रतिनिधीने विचारलं, “अभ्यासक्रम परिणामकारक आहे की नाही, एवढंच सांगा. कपाटं आपल्या कक्षेत येत नाहीत.” त्यांचं चूक होतं असं नाही. त्यांना पुढच्या वर्षीचा निधी मागायचा होता, त्याला हो किंवा नाही लागतं. मी म्हणाले, “नर्सेस शिकल्या, हे नक्की. शिकलेलं वापरायला त्यांना जे लागतं, ते कक्षेत घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. पण ते बाहेर ठेवून मला उत्तर देता येणार नाही.” खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. नोकरी जाईल असं वाटलं होतं. गेली नाही, पण पुढचे काही महिने मला बैठकांना कमी बोलावलं गेलं.

आणि 2017 उजाडलं. आदल्या डिसेंबरपासून मार्चपर्यंत डॉक्टरांचा संप झाला होता. जूनमध्ये नर्सेस संपावर गेल्या, त्या नोव्हेंबरपर्यंत. सरकारी लेबर रूमना टाळं. आमची दुसऱ्या फेरीची चाचणी ऑगस्टमध्ये ठरली होती, ती बारगळली. कार्यालयात सारे आलेखातल्या खड्ड्याची काळजी करत होते. मला आंब्याच्या झाडाखालची ती मोठी नर्स बाजारात भेटली, टोपलीत ओमेना ही छोटी सुकी मासळी विकत होती. पाच महिने पगार नाही, पोरांच्या शाळेची फी थकलेली. मला पाहून तिने आधी माझीच विचारपूस केली. मग म्हणाली, “व्हिडिओ अजून फोनमध्ये आहेत. काढले नाहीत.” आमच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये पगार वेळेवर होतो का, पाळीला माणसं किती, हे प्रश्न कुठेच नव्हते. मग ते मी घातले.

मोबाइलवरच्या शिकवण्याविरुद्ध मी आहे असं कुणी समजू नये. इथिओपियात 73 आरोग्य केंद्रांत ‘सेफ डिलिव्हरी’ या अ‍ॅपचा रीतसर अभ्यास झाला. 2016 मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथे आरोग्यसेविकांचं ज्ञान आणि कौशल्य दोन्ही स्पष्ट वाढलं. बाळांचे मृत्यूही कमी दिसले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. मला हा निष्कर्ष फार प्रामाणिक वाटतो. चांगलं शिकवणं हातापर्यंत पोचतं. हातापासून बाळापर्यंतची वाट रस्ता, वीज, कुलूप, पगार आणि शेजारी उभं राहायला आणखी एक माणूस, या सगळ्यांतून जाते. मूल्यमापन करणाऱ्याने ती सगळी वाट चालून पाहिली पाहिजे.

2018 मध्ये निघायच्या आधी मी त्या उपजिल्हा रुग्णालयात गेले. टेबलाशेजारच्या भिंतीवर एक खिळा होता आणि त्याला पारदर्शक पिशवीत बॅग लटकत होती. खाली हाताने लिहिलेला कागद, बॅग हरवली तर नर्सच्या पगारातून कापणार नाही, खाली सही. त्या रात्रीची नर्स आता दर सोमवारी बाकीच्यांकडून बाहुलीवर दहा मिनिटं सराव करून घेत होती. सगळीकडे असं झालं नाही. काही ठिकाणी कुलपं तशीच होती, काही ठिकाणी खिळा होता आणि बॅग नव्हती. जे दिसलं ते तसंच लिहिलं.

आता मी महाराष्ट्रात परत आले आहे आणि इथल्या नर्सेसच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचं काम पाहते. मागच्या वर्षी एका ग्रामीण रुग्णालयात गेले. सिस्टरनी सगळी प्रमाणपत्रं फाइलमध्ये नीट लावून ठेवली होती. मी अँबू बॅगचं विचारलं. “आहे ना मॅडम, नवीकोरी आहे,” त्या म्हणाल्या.

“आणून दाखवता?”

त्या किल्ली आणायला गेल्या. मी घड्याळ पाहत उभी राहिले. त्या धापा टाकत परत आल्या, बॅग काढली, आणि माझं लक्ष कुठे आहे हे त्यांना दिसलं. त्यांनीही घड्याळाकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. त्यांनी कपाट बंद केलं, बॅग मात्र आत ठेवली नाही. ती वॉर्मरच्या दांडीला अडकवली आणि म्हणाल्या, “इथेच राहू दे आता.”